निघून जाता येण्याचा हक्क

एप्रिल २०२३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्रो आणि बससेवेने जाहीर केलं की गाड्यांच्या उशिराच्या आणि बिघाडाच्या सूचना यापुढे ट्विटरवर मिळणार नाहीत. ज्या तांत्रिक वाटेने त्या सूचना आपोआप तिथे पोचत, ती वाट दोन आठवड्यांत दोनदा अचानक बंद पडली होती आणि ट्विटर आता तिच्यासाठी पैसे मागू लागलं होतं. त्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेनेही वादळवाऱ्याचे इशारे आपोआप टाकण्यात अडचण येणार असल्याचं लोकांना कळवलं. बरीच ओरड झाली. मे महिन्याच्या सुरुवातीला ट्विटरने सरकारी सेवांसाठी ती वाट पुन्हा फुकट खुली केली आणि मेट्रोच्या सूचनाही परत सुरू झाल्या.

बहुतेकांनी विषय तिथेच सोडून दिला. मला मात्र त्यातला शेवटचा भागच सगळ्यात जास्त खटकतो. एका महानगराची वाहतूकसेवा लोकांच्या पैशावर चालते आणि लोकांना उत्तर द्यायला बांधलेली असते. तिला तिच्याच प्रवाशांशी बोलण्याची वाट एका खासगी मालकाने बंद केली आणि मग मेहेरबानी म्हणून उघडून दिली. वाट उघडली म्हणजे प्रश्न मिटला असं आपल्याला वाटलं, ही राजकीय ढिलाई आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडाच्या उत्तरेतलं यलोनाइफ शहर वणव्यामुळे रिकामं करावं लागलं. सुमारे २० हजार माणसं घरं सोडून निघाली. त्या दिवसांत कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातमीचा दुवा टाकताही येत नव्हता आणि दिसतही नव्हता. बातम्यांचा मोबदला वृत्तसंस्थांना द्यावा, असा कायदा तिथल्या संसदेने केला होता आणि या दोन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीने उत्तर म्हणून बातम्याच बंद केल्या होत्या. वणव्याच्या बातम्यांचे स्क्रीनशॉट काढून लोक एकमेकांना पाठवत राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात असंच घडलं होतं, तेव्हा बातम्यांबरोबर आरोग्यखात्यांची आणि आपत्कालीन सेवांचीही पानं काही काळ गायब झाली होती. दुव्यावर पैसे आकारायला लावणारे हे कायदे मला स्वतःला फारसे शहाणपणाचे वाटत नाहीत. पण कायदा चुकीचा असेल तर तो बदलण्याचा रस्ता लोकांकडे असतो. निवडणूक असते, न्यायालय असतं, रस्त्यावरचा मोर्चा असतो. मेटाचा निर्णय बदलायला वणव्यातून पळणाऱ्या माणसाकडे काय होतं?

नियम कोण करतं, ते करणाऱ्याला जाब कोण विचारू शकतं आणि नियम पटला नाही तर माणसाला काय करता येतं, हे प्रश्न जिथे उभे राहतात तिथे राजकारण असतं. म्हणून आपण कोणत्या नेटवर्कवर बोलतो ही आवडीनिवडीची बाब राहत नाही. ती राजकीय कृती असते, मग आपण ती तशी मानो वा न मानो. सोयीची जागा निवडणं हीसुद्धा राजकीय कृतीच आहे. फक्त तिचं फळ दुसऱ्याच्या पदरात पडतं.

फेसबुकने एकेकाळी वापरकर्त्यांना मताचा हक्क दिला होता, हे आज फार कुणाला आठवत नाही. २००९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की नियमांतल्या मोठ्या बदलांवर लोकांचं मतदान घेतलं जाईल, मात्र निकाल बंधनकारक व्हायला एकूण वापरकर्त्यांपैकी ३० टक्क्यांनी मत द्यायला हवं. डिसेंबर २०१२ मध्ये शेवटचं मतदान झालं. मतदानाची ही पद्धतच रद्द करावी का, हा त्यातला एक प्रस्ताव होता. सुमारे ६ लाख ६८ हजार लोकांनी मत दिलं आणि त्यातल्या जवळपास ८८ टक्के लोकांनी बदलांना विरोध केला. तोवर फेसबुकचे वापरकर्ते शंभर कोटींच्या वर गेले होते. निकाल बंधनकारक व्हायला तीस कोटी मतं हवी होती. ती पडणं शक्यच नव्हतं. हक्क गेला, आणि त्यानंतर कुठल्याही मोठ्या कंपनीने असा लेखी मतहक्क दिल्याचं माझ्या माहितीत नाही. कोट्यवधी माणसं रोजचं बोलणं जिथे बोलतात तिथे त्यांना मत नाही, ही आता इतकी सवयीची गोष्ट झाली आहे की त्याबद्दल तक्रारसुद्धा ऐकू येत नाही.

मत नसेल तर निदान निघून जाता यायला हवं. "नाही पटत तर सोडून द्या, कुणी जबरदस्ती केली आहे का?" हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो आणि तो करणारे बहुतेक वेळा मनापासूनच करतात. खरी मेख इथेच आहे. दुकान बदलताना माणूस एकटा जातो आणि त्याचं काही बिघडत नाही. नेटवर्क सोडताना माणसं मागे राहतात. दूरच्या नातेवाइकांचे फोटो, आजारपणात सल्ला देणारा गट, धंद्याची गिऱ्हाइकं, वर्षानुवर्षं जोडलेले वाचक, सगळं तिथेच राहतं. सोडून जाण्याची किंमत कंपनीच्या सेवेच्या दर्जावर ठरत नाही. आपली किती माणसं आत अडकली आहेत, यावर ती ठरते. म्हणजे आपल्याच नात्यांचा तारण म्हणून वापर होतो, आणि तारण जितकं मोठं तितकी कंपनीला आपल्याशी वाईट वागण्याची मुभा जास्त.

कंपन्यांना हे नेमकं ठाऊक आहे. फेसबुक वाढत होतं तेव्हा नव्या माणसाकडून त्याच्या ईमेलचा पासवर्ड मागून त्याच्या ओळखीपाळखीचे पत्ते आत ओढण्याची सोय होती. पुढे एका छोट्या कंपनीने उलट दिशेने तेच करून पाहिलं. वापरकर्त्याच्या संमतीने त्याचं फेसबुक आणि इतर नेटवर्क एकाच जागी दाखवायला तिने सुरुवात केली, तेव्हा फेसबुकने २००८ मध्ये तिला न्यायालयात खेचलं आणि खटला बऱ्याच अंशी जिंकला. आत येण्याचा दरवाजा सताड उघडा आणि बाहेर पडण्याचा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये तर ट्विटरने मॅस्टोडॉनचं, म्हणजे ट्विटरसारख्याच पण कुणा एकाच्या मालकीच्या नसलेल्या नेटवर्कचं, खातं निलंबित केलं, मॅस्टोडॉन ज्यांवर चालतं त्या अनेक सर्व्हरांचे (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या संगणकांचे) दुवे धोकादायक म्हणून अडवले आणि इतर नेटवर्कवरच्या आपल्या पत्त्याची जाहिरात करायला बंदी करणारा नियमही काढला. तो नियम जेमतेम दिवसभर टिकला. पण मालकाला भीती कशाची वाटते हे त्या एका दिवसात दिसलं. टीका त्याला चालते, कारण टीकेनेही गर्दी जमते. माणसं आपापली नाती घेऊन दुसरीकडे निघाली तर ते त्याला चालत नाही.

विकेंद्रित नेटवर्कचा, म्हणजे एका मालकाच्या हाती नसलेल्या नेटवर्कचा, सगळा अर्थ माझ्या मते नाती घेऊन निघता येण्याच्या या एका मुद्द्यात सामावलेला आहे. तंत्राचं कौतुक, सर्व्हर, प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची नियमावली) हे सगळं त्याच्या मागून येतं.

अशी नेटवर्कं नवी नाहीत. ईमेल आपण रोज वापरतो आणि त्याचा मालक कोण, असा प्रश्न कुणालाच पडत नाही. एका कंपनीच्या ईमेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ईमेलवर पत्र जातं, कारण सगळ्यांनी एक समान नियमावली पाळली आहे. सर्न या संशोधनसंस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचं तंत्र सगळ्यांसाठी मोकळं केलं नसतं, तर पुढचं काहीच आजच्या रूपात घडलं नसतं. बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएस नावाच्या साध्या खुल्या पद्धतीवर चालतात. म्हणून एकच कार्यक्रम कुठल्याही ॲपमध्ये ऐकता येतो आणि ॲप बदललं तरी कार्यक्रम सुटत नाही. हे इतकं सुरळीत चालतं की त्यामागे कुणी एक मालक नाही, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

मॅस्टोडॉनचं काम २०१६ मध्ये ऑयगन रॉश्को या तरुण प्रोग्रामरने सुरू केलं. जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ॲक्टिव्हिटीपब या नियमावलीला मान्यता दिली. आज लहानमोठे हजारो सर्व्हर तिच्या आधारे एकमेकांशी बोलतात आणि त्या सगळ्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. एखादा सर्व्हर विद्यापीठ चालवतं, एखादा ग्रंथपालांचा गट, एखादा कुणी हौशी माणूस स्वतःच्या खिशातून. खात्याच्या पत्त्यात आपलं नाव आणि सर्व्हरचं नाव दोन्ही असतात, ईमेलसारखंच. सर्व्हर कुठलाही असला तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचं लिखाण वाचता येतं आणि त्याला उत्तर देता येतं.

सर्व्हर सोडायचा झाला तर काय करावं लागतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. आधी नव्या सर्व्हरवर खातं काढायचं आणि तिथल्या सेटिंगमध्ये जुना पत्ता नोंदवायचा, म्हणजे दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत हे दोन्ही बाजूंनी पक्कं होतं. मग जुन्या खात्यात जाऊन नवा पत्ता द्यायचा आणि पासवर्ड टाकून हलवण्याची सूचना द्यायची. जुना सर्व्हर प्रत्येक फॉलोअरच्या सर्व्हरला निरोप धाडतो की हा माणूस आता तिकडे राहतो. त्या सर्व्हरांवर फॉलोअर आपोआप नव्या खात्याला जोडले जातात आणि त्यांना स्वतःला काहीच करावं लागत नाही. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी, ब्लॉक केलेल्यांची यादी, बुकमार्क हे फाइल म्हणून उतरवून घेऊन नव्या जागी चढवता येतं. जुन्या खात्यावर एक पाटी राहते आणि ती नव्या पत्त्याकडे बोट दाखवते. जुन्या पोस्ट मात्र सोबत येत नाहीत. ही मोठी उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. शिवाय जुना सर्व्हर चालू असेपर्यंतच हे सगळं जमतं. तो एका रात्रीत बंद झाला तर फॉलोअर हलवता येत नाहीत. तरीसुद्धा नाती घेऊन निघण्याची ही जी सोय आहे ती कुठल्याही मोठ्या व्यापारी नेटवर्कने आजवर आपणहून दिलेली नाही. देऊ शकत नाहीत म्हणून नव्हे. त्यांचा धंदाच ती न देण्यावर उभा आहे.

आता सोयीबद्दल. मुख्य प्रवाहातली माध्यमं सोयीची आहेत यात वाद नाही. ॲप उघडलं की काहीतरी पुढ्यात येतं, शोधलेला माणूस सापडतो, काही ठरवावं लागत नाही. पण "काही ठरवावं लागत नाही" याचाच अर्थ आपल्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. २०२३ मध्ये मेटाचं उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले १३२ अब्जांच्या आसपास जाहिरातींचे होते. इतका पैसा ज्या एकाच गोष्टीतून येतो, ती गोष्ट म्हणजे माणसाला जास्तीत जास्त वेळ पडद्याशी खिळवून ठेवणं. ते करणाऱ्यांनी फीडमध्ये, म्हणजे ॲप उघडल्यावर पुढ्यात येणाऱ्या पोस्टींच्या रांगेत, काय वर यावं हे ठरवताना वाचणाऱ्याचं भलं आधी पाहावं, अशी अपेक्षा भाबडी आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर सुमारे ६ लाख ८९ हजार लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी करून पाहिल्या. त्या लोकांच्या स्वतःच्या लिखाणावर त्याचा परिणाम होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. लोकांना याची कल्पना २०१४ मध्ये, निष्कर्ष छापून आल्यावर मिळाली. परिणाम फार थोडा होता, असं त्या अभ्यासातच म्हटलं आहे. मला परिणामाच्या आकारापेक्षा त्यातली सहजता भयंकर वाटते. कुणाला विचारावंसं वाटलं नाही, आणि विचारायला भाग पाडेल असं कुणी समोर नव्हतं.

उलट बाजूला मॅस्टोडॉनवर सगळ्या पोस्टींमधून हवा तो शब्द शोधण्याची सोय कित्येक वर्षं मुद्दाम दिलेली नव्हती. कारण ट्विटरवर तीच सोय वापरून टोळकी एखाद्या विषयावर लिहिणाऱ्या अनोळखी माणसांना शोधून त्यांच्यावर तुटून पडत. २०२३ मध्ये शोधसोय वाढवली गेली, तेव्हा ज्याने स्वतः परवानगी दिली त्याच्याच पोस्ट त्यात येतील असं ठरलं. लिखाण उद्धृत करण्याच्या सोयीतही लेखकाच्या हातात नियंत्रण ठेवलं गेलं. नव्याने येणाऱ्याला हे अडचणीचं वाटतं. मला त्यात एक विचार दिसतो. कोणाची सोय आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न तिथे आधी विचारला गेला आणि त्यावर वर्षानुवर्षं उघड वाद झाले. तो वाद म्हणजेच राजकारण. इतरत्र तो बंद दाराआड होतो आणि आपल्या हाती फक्त नवं बटण येतं.

सोयीमागे जाऊन आपण काय गमावलं, याची जुनी उदाहरणंही आहेत. गूगलने २००५ मध्ये गूगल टॉक ही निरोपांची सेवा काढली ती एक्सएमपीपी या खुल्या नियमावलीवर. पुढच्याच वर्षी ती इतर सर्व्हरांशी जोडली गेली आणि वेगवेगळ्या सेवांवरची माणसं एकमेकांशी बोलू लागली. गूगल तिथे सगळ्यात मोठं घर झालं. मग २०१३ मध्ये तिच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरांशी बोलण्याचा दरवाजाच ठेवलेला नव्हता. बहुतेकांची माणसं गूगलवरच असल्याने बहुतेकांना काही जाणवलं नाही. जे छोट्या सर्व्हरांवर होते ते एकाकी पडले. त्याच वर्षी १ जुलैला गूगल रीडर बंद झालं. आवडत्या लेखकांचं लिखाण कुणाच्या मध्यस्थीशिवाय थेट वाचायची सवय लाखो लोकांना त्याने लावली होती. त्यांतले किती तरी त्यानंतर फेसबुक आणि ट्विटरच्या फीडवर विसंबले. दोन्ही वेळा खुली व्यवस्था कुणी कायद्याने मोडली नाही. सगळे एकाच सोयीच्या घरात राहायला गेले होते, म्हणून घरमालकाला ती मोडता आली.

म्हणूनच जुलै २०२३ मध्ये मेटाने ट्विटरसारखं थ्रेड्स हे नेटवर्क आणलं, पाच दिवसांत दहा कोटी लोक आले आणि ते फेडिव्हर्सशी जोडलं जाणार असं कंपनीने सांगितलं, तेव्हा अनेक छोट्या सर्व्हरांनी आम्ही त्यांच्याशी जोडून घेणार नाही असं आधीच जाहीर केलं. इतरांनी त्यांना कर्मठ ठरवलं. मला दोन्ही बाजू समजतात, पण माझं मत असं की जोडून घ्यायला हरकत नाही, फक्त त्या जोडणीवर काही उभं करू नये. थ्रेड्सवरच्या मित्राशी बोलावं. आपलं खातं मात्र तिथे नसावं. ट्विटरला पर्याय म्हणून आलेल्या ब्लूस्काय या नेटवर्ककडेही मी त्याच नजरेने पाहतो. त्याची नियमावली खुली आहे, बाहेर पडण्याची तजवीज कागदावर चांगली आहे. पण खात्यांचा फार मोठा भाग अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरांवर आहे आणि त्या कंपनीत गुंतवणूकदारांचा पैसा आहे. उद्या मालकाचं मन बदललं तर तिथली माणसं खरोखर निघू शकतील का, याचं उत्तर त्या दिवशीच कळेल. तोवर सावध राहावं.

विकेंद्रित म्हणजे सज्जन, असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये गॅब या नेटवर्कने, जिथे वंशद्वेष्ट्यांचा मोठा भरणा होता, मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर घेतलं. ते खुलं असल्याने कुणी अडवू शकत नव्हतं. बहुतेक सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले आणि ते एकटं पडलं, ही जमेची बाजू. पण जुलै २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मोठ्या सर्व्हरांवरच्या सुमारे सव्वातीन लाख पोस्टी दोन दिवस तपासल्या, तेव्हा मुलांच्या लैंगिक शोषणाची आधीपासून नोंद असलेली ११२ चित्रं त्यांना सापडली. मोठ्या कंपन्यांकडे असं साहित्य ओळखायची यंत्रणा आणि पगारी माणसं असतात. छोट्या सर्व्हरवर ते काम नोकरी सांभाळून रात्री कुणीतरी करत असतो, आणि जे पाहावं लागतं ते एकट्याने पाहतो. २०२२ च्या शेवटी ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर आलेल्या अनेक कृष्णवर्णीयांनी सांगितलं की इथे आम्ही वर्णद्वेषाबद्दल लिहिलं की आम्हालाच इशाऱ्याच्या पडद्याआड (वाचणाऱ्याने बटण दाबल्यावरच मजकूर दिसेल असं) लिहायला सांगितलं जातं. मालक नसला म्हणून बहुसंख्याकांची दादागिरी नाहीशी होत नाही.

या दोषांची मला लाज वाटते आणि राग येतो, पण त्यामुळे केंद्रित व्यवस्थेकडे परत वळावं असं वाटत नाही. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध जो द्वेष पसरला त्यात फेसबुकचा मोठा वाटा होता, असं संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्ये सांगितलं. आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीनेही त्या वर्षी मान्य केलं. पैसा, यंत्रणा, माणसं सगळं असताना हे घडलं, कारण त्या देशातली भाषा आणि माणसं त्यांच्या हिशेबात फार खाली होती. आपल्या भाषेतलं विष ओळखणारा माणूस आपल्यातलाच लागतो, आणि त्याच्या हातात निर्णयाचा अधिकार लागतो. छोट्या सर्व्हरवर तो असू शकतो. त्याला पैसा आणि यंत्रणा पुरवणं हा सुटणारा प्रश्न आहे. दूरच्या मालकाला आपली भाषा कळावी आणि तिची काळजीही वाटावी, हा प्रश्न मला सुटणारा दिसत नाही.

सर्व्हरचा चालकही छोटा राजा होऊ शकतो, कंटाळून सगळं बंदही करू शकतो. असे सर्व्हर बंद पडलेले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर समलैंगिक आणि त्यांच्या मित्रमंडळींचा एक सर्व्हर केवळ त्याच्या पत्त्याची शेवटची अक्षरं अफगाणिस्तानची होती म्हणून गेला. तालिबानच्या राजवटीतल्या मंत्रालयाने तो पत्ताच काढून घेतला. त्या सर्व्हरची माणसं दुसरीकडे गेली, बाकीचं फेडिव्हर्स चालूच राहिलं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या एका अंतर्गत चुकीने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगभर बंद पडलं होतं, त्याच्याशी हे ताडून पाहावं.

सगळ्यात अवघड आक्षेप वेगळाच आहे: तिथे आहे कोण? २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मॅस्टोडॉनचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले, आणि पुढच्या काळात त्यातले बरेच परतले. आपली माणसं तिथे नव्हती, म्हणून. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. ज्याची मुलं परदेशी आहेत, ज्याचा छोटा धंदा एका ॲपवर चालतो, ज्याच्या दुर्मीळ आजाराचा गट फक्त एकाच जागी आहे, त्याला "तू गैरसोय सोस, कारण ते राजकीयदृष्ट्या योग्य आहे" असं सांगणं हा उद्धटपणा आहे. विकेंद्रित नेटवर्कच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक हा उद्धटपणा फार करतो आणि त्याने या बाजूचं नुकसान झालं आहे.

ओझं ज्यांनी उचलायला हवं ते वेगळे आहेत. ज्यांच्यामागे लोक येतात त्यांनी आधी हलायला हवं: सरकारी खाती, नगरपालिका, विद्यापीठं, वृत्तपत्रं, ग्रंथालयं, मोठा वाचकवर्ग असलेले लेखक. सामान्य माणूस सोयीच्या जागी जातो कारण त्याला हवी ती माहिती तिथेच मिळते. आणि ती तिथेच मिळते कारण या संस्थांनी ती तिथे नेऊन ठेवली. पुराचा इशारा, परीक्षेचा निकाल, मंत्र्यांचं निवेदन आधी खासगी कंपनीच्या ॲपवर आणि मग कधीतरी स्वतःच्या संकेतस्थळावर, हा क्रम उलटा व्हायला हवा. आधी स्वतःच्या पत्त्यावर, खुल्या पद्धतीने, कुणालाही खातं न काढता वाचता येईल असं. तिथून मग फेसबुकवर पाठवा, एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) पाठवा, जिथे लोक असतील तिथे पाठवा. मालकाने वाट बंद केली तर मूळ जागा तशीच राहते.

हे स्वप्नरंजन नव्हे. जर्मनीत सरकारी कार्यालयांसाठी स्वतंत्र मॅस्टोडॉन सर्व्हर आहे. नेदरलँड्सच्या सरकारनेही २०२३ मध्ये स्वतःचा काढला. त्याच वर्षी बीबीसीने स्वतःच्या नावाचा सर्व्हर प्रयोग म्हणून सुरू केला. यातला एक फायदा लगेच दिसतो. सर्व्हरचं नावच संस्थेचं असल्याने खातं खरं की खोटं हे ओळखायला निळ्या खुणेची आणि तिच्यासाठी मालकाला भराव्या लागणाऱ्या पैशांची गरज उरत नाही.

कायद्याने काय करता येईल, याचाही थोडा अनुभव जमा होतो आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टने व्हॉट्सॲपला आणि मेसेंजरला इतर सेवांशी जोडून घेण्याचं बंधन घातलं. अंमलबजावणी संथ आहे, कंपन्या पायऱ्या वाढवून ठेवतात. पण फोन कुठल्याही कंपनीचा असला तरी दुसऱ्या कंपनीच्या फोनवर लागतो, हे जसं आपण गृहीत धरतो, तसंच निरोपांचंही व्हावं, ही मागणी आता कायद्याच्या भाषेत आली आहे. ती प्रत्येक देशात करता येण्यासारखी आहे.

पैशाचा प्रश्न शेवटी प्रत्येक ठिकाणी येतोच. युरोपीय संघाच्या विदासंरक्षण पर्यवेक्षकाने एप्रिल २०२२ मध्ये संघाच्या संस्थांसाठी ईयू व्हॉइस नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर प्रयोग म्हणून सुरू केला. अनेक संस्थांनी तिथे खाती काढली. मे २०२४ मध्ये तो बंद करावा लागला. तंत्र फसलं नव्हतं. प्रयोग संपल्यावर सर्व्हर सांभाळण्याची जबाबदारी घ्यायला संघातली कुठलीच संस्था पुढे आली नाही. युरोपीय कमिशनने पुढे स्वतःचा सर्व्हर चालवायला घेतला आणि तो चालू आहे. दोन्हींत फरक एवढाच की दुसऱ्या वेळी तो कुणाचा, आणि त्याचा खर्च कोण करणार, हे ठरलेलं होतं. संस्थांनी तो खर्च इमारतीच्या आणि विजेच्या खर्चाशेजारी लिहावा. आपल्यासारख्यांनी ज्या सर्व्हरवर राहतो त्याच्या चालकाला दरमहा जमेल तेवढं द्यावं आणि मॉडरेटरचं, म्हणजे आक्षेपार्ह लिखाणावर लक्ष ठेवून ते काढणाऱ्याचं, काम वाटून घ्यायला तयार असावं, कारण ते काम आज फार थोड्या माणसांवर पडतं आहे.